राजाश्रय आणि लोकाश्रय

विद्येला राजाश्रय हवा कीं लोकाश्रय, हा वाद जुनाच. संगणकाच्या कार्यप्रणालींच्या इतिहासांतही तो आम्हांस आढळतो. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीनें २००५ सालीं आपल्या सोलारिस प्रणालीची बरीचशी मूळ संहिता सर्वांस खुली केली. काम उत्तम होतें, पगारी तज्ज्ञ होते. परंतु सूत्रें एका धन्याच्या हातीं होतीं. २०१० सालीं ओरॅकलनें सन विकत घेतली, आणि त्याच वर्षीं तो खुला उपक्रम थांबला. उलटपक्षीं, इयन मर्डॉक यांनीं १९९३ सालीं आरंभिलेली डेबियन स्वयंसेवकांच्या मंडळीनें चालविली. १९९६ सालीं मर्डॉक यांनीं नेतृत्व सोडलें, तरी काम अडलें नाहीं. आज ही मंडळी आपला नेता दरवर्षीं मतानें निवडते.

तथापि कंपन्यांस दोष देऊन आम्हांस मोकळें होतां येत नाहीं. लिनक्सच्या गाभ्याचें पुष्कळसें काम त्यांचे पगारदारच करतात. शिवाय सोलारिसची खुली झालेली संहिता परवान्यामुळें परत घेतां आली नाहीं. २०१० सालींच तिच्यावर इल्यूमॉस उभें राहिलें. तात्पर्य, पैसा कोणाचाही असो. दात्यानें हात आखडला तरी दिलेलें परत जाऊं नये आणि तें सांभाळणारीं माणसें असावींत, एवढी तजवीज आधींच हवी.