गाढीच्या काठी, भरतीच्या वेळी : आपले पनवेल

नवी मुंबईच्या नकाशावर पनवेल आज हार्बर मार्गावरचे शेवटचे स्थानक म्हणून ओळखले जाते. परंतु ही नगरी रेल्वेने वसविलेली नाही, महामार्गानेही नाही. माथेरानच्या डोंगररांगेत उगम पावून नेरे, सुकापूर ओलांडीत येणारी गाढी नदी गावाशी पोहोचते, तेथेच तिला खाडीचे खारे पाणी भेटते. त्या भेटीच्या जागी बंदर झाले आणि बंदरामागे बाजारपेठ उभी राहिली.

देशावरचा माल बोरघाट उतरून येथे मचव्यात चढे. मुंबईचा माल मचव्यातून उतरून बैलगाडीत भरला जाई. तांदूळ आणि मीठ ही येथली मुख्य जिन्नस. व्यापाऱ्याला घड्याळापेक्षा पंचांग अधिक उपयोगी पडे, कारण गलबत भरतीबरोबरच आत येई. आपल्या किनाऱ्यावरचा हिशेब सोपा आहे : पौर्णिमा-अमावास्येला भरती साधारण बाराच्या सुमारास, आणि पुढे दर तिथीला सुमारे पाऊण तास उशिरा. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण. चतुर्दशी, अष्टमी पाळणाऱ्या आपल्या समाजाला या तिथी तोंडपाठ असतात, तेव्हा बंदरावरचे हे गणित आपल्याला मुळीच अवघड नाही.

पेशवाई १८१८ साली अस्तास गेली. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि मुंबई-पुणे प्रवासी होडीने पनवेलला उतरून पुढे गाडीने जाऊ लागला. हीच पनवेलची खरी भरभराट. बेने इस्रायल बांधवांचे प्रार्थनामंदिर १८४९ चे आहे, नगरपालिका १८५२ ची. म्हणजे भारतात पहिली प्रवासी आगगाडी धावण्याच्या आदल्या वर्षी येथे नगरपालिका होती! मात्र त्याच आगगाडीने पनवेलला वळसा घातला. कल्याण-कर्जतवरून बोरघाट चढणारा लोहमार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाला आणि पुण्याचा प्रवासी आपल्या बंदरातून नाहीसा झाला. एखादे गाव खचले असते. पनवेलने बैलगाडीची चाके घडविली, १८७२ मध्ये धूतपापेश्वरसारखा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना उभारला आणि तांदळाचा व्यापार टिकविला. रेल्वे आली ती शंभर वर्षांनी, १९६० च्या दशकात.

हवामानाविषयी कापडवाल्याने लिहावे तेवढे थोडे. डोंगर पाठीशी आणि खाडी पुढ्यात असल्याने पावसाळ्यात हवा सतत दमट राहते. तागे सादळतात, गठ्ठ्यांना वास येतो, पांढऱ्या मांजरपाटावर बुरशीचे ठिपके उमटतात. म्हणून जमिनीवर गठ्ठा ठेवायचा नाही, लाकडी फळ्या टाकायच्या, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. गंमत अशी की एवढा पाऊस पडूनही देहरंग धरणाचे पाणी अनेक उन्हाळ्यांत गावाला अपुरे पडले आहे.

फिरावयास जाणाऱ्यांनी मात्र चातुर्मास संपल्यावर निघावे. कर्नाळा येथून सुमारे १२ किलोमीटरवर. १९६८ पासून पक्षी अभयारण्य असलेल्या या वनात दीडशेहून अधिक जातींचे पक्षी आढळतात. जीवदयेचे संस्कार लाभलेल्या मुलांना दुर्बीण घेऊन तेथे अवश्य न्यावे. वरच्या किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दुरूनच ओळखू येतो. त्याच्यावर मधमाश्यांची पोळी असतात, तेव्हा आवाज बेताने करावा. वाटेत शिरढोण लागते, आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे १८४५ चे जन्मगाव. प्रबळगड आणि कलावंतीण दुर्ग तरुण गुडघ्यांसाठी. आम्हा ज्येष्ठांना वडाळे तळ्याचा काठ पुरे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी गाढीही पात्रात राहिली नाही. दुपारची भरती होती. डोंगरातून आलेल्या पाण्याला खाडीने वाट दिली नाही आणि ते पेठेत शिरले. ज्या भरतीने गलबते आणली, तिनेच ताग्यांचा चिखल केला. जुन्या वस्तीत दोन तळ्यांच्या मधोमध पाण्याला पसरायला जागा होती. भाताची खाचरे आणि मिठागरेही होती. आता तेथे इमारती आहेत. सिडकोने बेलापूरपासून कळंबोलीपर्यंत धारण तलाव आणि भरती रोखणाऱ्या झडपा योजल्या, पण ते तलाव गाळाने भरत गेले. विमानतळासाठी शेजारच्या उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला. २०२५ च्या डिसेंबरात तेथून विमाने उडूही लागली. पनवेल महानगरपालिका २०१६ मध्ये झाली. नदीचे पात्र कोठवर आणि आपले अंगण कोठवर, हे ठरविणे आता तिच्या व आपल्या हाती आहे; माझ्या मते नव्या दुकानाच्या उद्घाटनापेक्षा या प्रश्नावर व्यापाऱ्यांनी अधिक वेळ द्यावा.

आषाढ-श्रावणात पौर्णिमा-अमावास्या जवळ आली आणि आभाळ काळवंडले की आमच्या पेढीत आजही खालच्या फळीवरचा माल वरच्या फळीवर चढतो.