डोळ्याच्या पडद्यावरील मधुमेह : १८५१ ते २०२०

१/८ मधुमेहामुळे येणारे अंधत्व गाजावाजा न करता येते. डोळा दुखत नाही, आरंभी नजरही अधू होत नाही; पडद्यावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या मात्र झिरपू लागलेल्या असतात. रुग्णाला जे जाणवत नाही, ते दुसऱ्या कोणीतरी वेळेत पाहावे लागते. हा पाहणारा कोण, याचा हा इतिहास.

२/८ जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा दाखवणारे उपकरण, ऑफ्थाल्मोस्कोप, जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केले. काही वर्षांतच व्हिएन्नाचे एडुआर्ड येगर यांनी मधुमेही रुग्णाच्या पडद्यावरील बदल नोंदवले. परंतु त्यांचे कारण मधुमेहच, हे सर्वमान्य होण्यास अनेक दशके लागली.

३/८ १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला. त्यापूर्वी मधुमेह जडलेली मुले थोड्याच काळात दगावत. आता ती जगू लागली आणि दीर्घकाळच्या मधुमेहाचा डोळ्यांवरील परिणाम ठळकपणे समोर आला.

४/८ उपचाराचे बीज सूर्यग्रहणात होते. १९४५ चे ग्रहण पाहताना पडदा भाजलेल्या रुग्णावरून जर्मन नेत्रतज्ज्ञ मायर-श्विकेराथ यांना प्रखर प्रकाशाने उपचार करण्याची कल्पना सुचली. पुढे लेसर आला. १९७६ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीने सिद्ध केले की अशा उपचाराने तीव्र दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून अधिक घटतो.

५/८ म्हणजे उपाय हाती होता. अडचण वेळेवर पाहण्याची होती. प्रत्येक मधुमेही व्यक्तीचा पडदा नियमित तपासायचा, तर तितके नेत्रतज्ज्ञ आणायचे कोठून?

६/८ २०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी एक उत्तर मांडले. सुमारे १,२८,००० छायाचित्रे ५४ नेत्रतज्ज्ञांनी तपासून श्रेणीबद्ध केली. एकेक छायाचित्र किमान तिघांनी पाहिले. रक्तस्राव कसा दिसतो याचा नियम संगणकाला कोणी सांगितला नाही. उदाहरणांवरूनच तो शिकला. यातील बरीच छायाचित्रे भारतातील होती : अरविंद, शंकर नेत्रालय आणि नारायण नेत्रालय या रुग्णालयांतील.

७/८ एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेने आयडीएक्स-डीआर या प्रणालीस मान्यता दिली. तज्ज्ञाने छायाचित्र न वाचताही ती निष्कर्ष देते. त्यामुळे ही तपासणी साध्या दवाखान्यातही शक्य झाली.

८/८ तरीही २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला थायलंडचा अनुभव बोलका आहे. तेथील ११ दवाखान्यांत गूगलची प्रणाली वापरली, तेव्हा सुमारे एक पंचमांश छायाचित्रे तिने अस्पष्ट म्हणून नाकारली; खोलीतील अपुरा उजेड हे त्याचे एक मोठे कारण. अशा रुग्णांना मग दूरच्या तज्ज्ञाकडे जाण्यास सांगावे लागे, त्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडाली तरी. यंत्र पाहायला शिकले आहे; रुग्ण त्याच्यासमोर नीट उजेडात बसेल आणि पुढे लेसरपर्यंत पोहोचेल, ही व्यवस्था माणसांनाच उभारावी लागते.