पाच रोपांची कुळकथा

आश्विनाच्या अखेरीस, पावसाचा जोर पुरता ओसरल्यावर, महाबळेश्वराकडून आणलेली स्ट्रॉबेरीची रोपे परसातल्या उंच गादीवाफ्यावर लावताना दोन पथ्ये पाळावी लागतात. मुळे सगळी मातीत गेली पाहिजेत, आणि पानांचा झुबका जिथून फुटतो तो भाग मात्र मातीवर उघडा राहिला पाहिजे, कारण तो झाकला गेला की रोप कुजते. तिसरे पथ्य लावणीच्या आधीचे आहे: बी पेरायचे नाही. पिकल्या फळाच्या अंगावर जे पिवळसर ठिपके दिसतात, ती वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने या झाडाची खरी फळे असून त्या प्रत्येकात एकेक बी असते. ते रुजतेही, पण त्यातून उगवलेले रोप आईच्या गुणांचे निघेल याची शाश्वती नसते. म्हणून रोपाने जमिनीलगत सोडलेले लांब धुमारे, ज्यांना आमच्याकडचे बागाईतदार ‘रनर’ म्हणतात, त्यांच्या टोकाला धरलेल्या बाळरोपांवरच सारी भिस्त ठेवावी लागते. बियाण्यावर विश्वास का टाकता येत नाही, या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू गेले तर ते तीनशे वर्षांपूर्वीच्या एका समुद्रप्रवासापाशी घेऊन जाते.

त्या काळी युरोपच्या रानांत जी स्ट्रॉबेरी आपोआप उगवे, तिचे फळ करवंदाहून मोठे क्वचितच असे. सतराव्या शतकात उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून व्हर्जिनियाची जात आली. तिचा रंग गडद व सुगंध उत्कट, पण आकार तोही लहानच. मोठ्या आकाराचे फळ पिकत होते ते पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, चिलीच्या किनाऱ्यावर. तेथील मापुचे व त्यांच्या शेजारच्या जमातींनी रानटी स्ट्रॉबेरी आपल्या शेतांत आणून, पिढ्यान्‌पिढ्या उत्तम रोपे निवडून, हजार वर्षांहून अधिक काळ तिची जोपासना केली होती. स्पॅनिश लोकांनी तिला ‘फ्रुतिल्या’ म्हणजे ‘लहानसे फळ’ असे नाव दिले, ते आकारमानावर अन्याय करणारे होते. कारण तिचे फिकट, पांढरट लाल फळ सहज अक्रोडाएवढे भरे आणि कधी कधी कोंबडीच्या अंड्याची बरोबरी करी.

हे मोजमाप नोंदवून ठेवणारा गृहस्थ माळी नव्हता. आमेदे-फ्रांस्वा फ्रेझिए हा चौदाव्या लुईच्या लष्करातील स्थापत्यविशारद. चिली व पेरू येथील स्पॅनिश अमलाखालची बंदरे आणि गढ्या पाहून त्यांचे नकाशे उतरवावेत, असा हुकूम घेऊन तो १७१२ साली जहाजावर चढला आणि व्यापारी म्हणवून घेत त्या मुलखात हिंडला. तोफा कोठे आहेत आणि तटाची उंची किती, हे टिपणाऱ्या माणसाने कॉन्सेप्सिओनच्या आसपासच्या शेतांतील एका फळाकडेही तेवढ्याच बारकाईने पाहावे, याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. विशेष म्हणजे, त्याच्या आडनावाशी मिळताजुळता असा ‘फ्रेझ’ हा फ्रेंच शब्द याच फळाचे नाव आहे. परतीचा प्रवास सहा महिन्यांचा होता, आणि जहाजावर गोड्या पाण्याचा प्रत्येक घोट हिशेबाने मिळे. तरीही त्याने रोपे जगवली. १७१४ च्या ऑगस्टमध्ये जहाज मार्सेयच्या धक्क्याला लागले तेव्हा त्यांपैकी पाच जिवंत होती. दोन रोपे त्याने जहाजावरील मालाच्या कारभाऱ्याला दिली, कारण रोपांसाठी पाण्याची तजवीज त्याच्याच मेहेरबानीने झाली होती. एक पॅरिसच्या राजोद्यानात आंत्वान द ज्यूसिएच्या स्वाधीन केले, एक दुर्गखात्याच्या वरिष्ठाला नजर केले आणि एक स्वतःपाशी ठेवले.

इतक्या सायासांनी आणलेली ही रोपे युरोपच्या मातीत उत्तम वाढली, धुमारे सोडून पसरली, फुललीही. फळ मात्र धरीनात. या जातीत नर आणि मादी फुले बहुधा वेगवेगळ्या रोपांवर येतात, आणि फ्रेझिएने मोठ्या फळांची रोपे निवडून घेतली असल्यामुळे त्याच्याबरोबर आल्या त्या साऱ्या माद्याच. हे कोडे आधी व्यवहारात सुटले आणि मग विद्येला उमगले. ब्रिटनी प्रांतात, ब्रेस्ट बंदराजवळच्या प्लुगास्तेलच्या शेतकऱ्यांना अनुभवाने कळून चुकले की चिलीच्या ओळींमध्ये दुसऱ्या जातीची रोपे लावली तर फळे भरघोस येतात. मधमाशी मधला निरोप पोचवीत होती. पुढे युरोपच्या बागांतून, व्हर्जिनियाची आणि चिलीची जात शेजारी शेजारी नांदत असता, कोणी हेतुतः न घडवलेला त्यांचा संकर झाला, आणि मोठे, लाल व अननसासारखा वास असलेले एक नवे फळ उपजले.

त्याचे आईबाप ओळखले ते एका मुलाने. आंत्वान निकोला द्युशेन हा व्हर्साय येथील राजवाड्याच्या इमारतखात्यातील अंमलदाराचा मुलगा. चिलीच्या मादी फुलांवर युरोपातल्या कस्तुरी स्ट्रॉबेरीचे पराग घालून त्याने धरविलेली मोठाली फळे जुलै १७६४ मध्ये पंधराव्या लुईला सादर झाली, तेव्हा त्याला सतरावे वर्ष सरायचे होते. आपण जो गर खातो तो पूर्णपणे आईच्या देहाचा, फुलाच्या फुगलेल्या देठाचा असतो. म्हणून बाप लहान फळाच्या कुळातला असूनही फळ आईच्या मापाचे आले. दोनच वर्षांनी, १७६६ साली, त्याने स्ट्रॉबेरीचा निसर्गेतिहास लिहिला, आणि अननसगंधी स्ट्रॉबेरी ही चिली व व्हर्जिनियाची संतती असल्याचा निवाडा त्यात दिला. जनुकांची वार्ता जगाला ठाऊक नसताना केवळ पाने, फुले व फळे न्याहाळून दिलेला हा निवाडा आजवर टिकून आहे, यापरता बुद्धीचा दाखला कोणता हवा! कस्तुरी जातीत बेचाळीस गुणसूत्रे असतात, तर त्या दोन्ही अमेरिकी जातींत छप्पन्न. म्हणूनच त्यांचा संसार सुफल झाला आणि वंश पुढे चालला. परंतु एवढ्या गुंतागुंतीच्या मिश्र वारशाची वाटणी प्रत्येक बीजात निराळी होते, आणि परसातले तिसरे पथ्य येथूनच निघते.

पुढची हकीकत सरळ आहे. लंडनजवळच्या आयल्‌वर्थ येथील मायकेल कीन्सने १८२१ च्या सुमारास उत्तम वाण पुढे आणला, आणि मग इंग्लंड-अमेरिकेत वाणांची रीघ लागली. आपल्याकडे इंग्रज अमदानीत सह्याद्रीच्या माथ्यावर रुजलेल्या या फळाला २०१० साली ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले. पण तेथील वाफ्यांतले स्वीट चार्ली आणि विंटर डॉन हे वाण फ्लोरिडाच्या विद्यापीठातले, कॅमारोसा कॅलिफोर्नियाच्या. नाव, माती आणि मेहनत आपली, वंशावळ मात्र अमेरिकेची.

या वंशावळीत फ्रेझिएचे नाव आहे, द्युशेनचे आहे, कीन्सचेही आहे. ज्यांनी मुळात आकार घडविला त्या मापुचे शेतकऱ्यांपैकी एकाचेही नाव कोणत्या दप्तरात नाही. आणि माझ्या मते या फळावर पहिला हक्क त्यांचाच आहे, कारण त्यांनी आधी निवड केली नसती तर फ्रेझिएला निवडण्याजोगे काही उरलेच नसते. दक्षिण चिलीत नाहुएलबुताच्या डोंगरउतारांवर, पुरेन आणि कोंतुल्मो या गावांच्या आसपास, ती पांढरट फ्रुतिल्या लहान लहान शेतांतून आजही पिकते.