मूषकप्रतिबंध, इमारतींतील
घरे व वखारींत उंदरांना थारा मिळू न देण्याचे उपाय. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक प्लेगाची साथ उद्‌भवली. मेलेले उंदीर आढळत असूनही रोगाचे मूळ घाणीत व कोंदट हवेत मानले गेल्याने गटारे धुणे, उन्हासाठी कौले काढणे यांवरच भर राहिला. पिसवांमार्फत उंदरांचा प्लेग पसरतो, हे पॉल ल्वी सीमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखविले. ते मत बराच काळ उपेक्षित राहिले. १९०५ मध्ये सुरू झालेल्या संशोधनात मुंबईत सहा खोपटी बांधण्यात आली : दोन देशी कौलांची, दोन सपाट कौलांची व दोन पन्हळी पत्र्याची. छताखालील जाळीतून उंदीर किंवा त्यांची विष्ठा खाली येत नसे, पिसवा मात्र येत. कौलारू खोपट्यांतील निरोगी गिनीपिग प्लेगाने मेले. पत्र्याखालचे, रोगी गिनीपिगांसमवेत राहूनही, पिसवा शिरेपर्यंत सुरक्षित राहिले. खोलीत उंदीर न दिसणे पुरेसे नव्हते. आढ्यातही त्यास आसरा मिळता कामा नये. शिवाय मेलेल्या उंदराच्या पिसवा माणसाकडे वळतात, म्हणून साथीत प्रथम पिसवांचा व नंतर उंदरांचा नाश करतात. परभणीलगतच्या बीड जिल्ह्यात मामला येथे १९९४ मध्ये प्लेग आढळला, त्यापूर्वी १९९३ च्या भूकंपानंतर धान्यासह सोडलेल्या घरांत उंदीर माजले होते.