‘तुघलकी’ या विशेषणामागे

लहरी निर्णयाला मराठीत ‘तुघलकी’ म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः मुहम्मद बिन तुघलकाच्या निर्णयांत तर्काचा अभाव नव्हता. १३२७ च्या सुमारास त्याने देवगिरीस, म्हणजेच दौलताबादेस, राजधानीचा मान दिला तो दक्षिणेवर पकड राहावी म्हणून. १३२९-३० मध्ये त्याने तांब्या-पितळेची सांकेतिक नाणी काढली; चीनमध्ये कागदी चलन त्यापूर्वीच रूढ होते.

परंतु प्रजाही हिशेब करते, हे सुलतानाने गृहीत धरले नव्हते. सहज नक्कल होणारे नाणे घरीच पाडावे, सरकारी देणे त्यातून भागवावे आणि चांदी दडवावी, हा लोकांचा निर्णय सुलतानाच्या निर्णयाहून कमी विवेकी म्हणता येणार नाही. घरोघर टांकसाळी झाल्या, असे बरनी सांगतो. त्यात अतिशयोक्ती असेलही. अखेर खजिन्यातील सोन्याचांदीच्या मोबदल्यात सुलतानाला ती नाणी परत घ्यावी लागली.

त्याच्या वेडाची कथा रचणारे साक्षीदारही तपासले पाहिजेत. बरनीचा ग्रंथ पूर्ण झाला १३५७ मध्ये, दरबारातील स्थान गमावल्यावर. दिल्ली ओस पडल्याचे वर्णन करणारा इब्न बतूता तेथे पोचला १३३४ मध्ये; तोवर स्थलांतर होऊन गेले होते. इसामीने १३५० मध्ये बहमनी आश्रयाने लिहिले. त्याचा कडवटपणा मात्र नुसता दरबारी नाही: दौलताबादेस निघालेले त्याचे वृद्ध आजोबा पहिल्याच मुक्कामी, तिलपतला, वारले होते.