दिवसा जळणारा दिवा काय सांगतो?

भरदुपारी रस्त्यावरचे दिवे चालू दिसले की आपण फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो आणि विसरतो. बातमीदार म्हणून अशा बातम्या मीही खूप केल्यात. उत्तर ठरलेलं असतं : "तांत्रिक अडचण आहे." तर ही अडचण किती जुनी आहे, ते बघूया.

१८७३ साली इंग्लंडचे विलोबी स्मिथ समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबल तपासण्यासाठी सेलेनियमच्या कांड्या वापरत होते. मोजमाप सारखं बदलायचं. शेवटी कळलं की उजेड पडला की सेलेनियममधून वीज सहज वाहते, अंधारात अडते. उजेड ओळखणारी वस्तू माणसाच्या हाती आली ती अशी.

पुढे स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यांनी तर वीजही वापरली नाही. निर्जन किनाऱ्यावरची दीपगृहं अॅसिटिलीन गॅसवर चालायची. दिवसा दिवा विझवायला तिथे माणूस कोण ठेवणार? १९०७ मध्ये त्यांनी 'सूर्यझडप' केली. एक दांडी काळी, बाकीच्या चकचकीत. काळी दांडी ऊन शोषून किंचित लांबते आणि गॅस बंद. अंधार पडला की आखडते आणि गॅस सुरू. गॅसवर चालणाऱ्या दीपगृहांसाठीच्या अशा स्वयंचलित यंत्रणांबद्दल त्यांना १९१२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी एका स्फोटात त्यांची दृष्टी गेली होती. बक्षीस त्यांच्या भावाने स्वीकारलं.

२००५ मध्ये इटलीतल्या इव्रिया गावात विद्यार्थ्यांसाठी 'आर्डुइनो' हा स्वस्त बोर्ड तयार झाला. आज आठवी-नववीची पोरं तो शिकतात. आमच्याकडच्या दोन पोरांसोबत मीही जोडून बघितला. उजेडाचा सेन्सर (एलडीआर), दहा हजार ओहमचा रेझिस्टर, रिले आणि बॅटरीवरचा छोटा दिवा. घरच्या २३० व्होल्टला हात लावायचा नाही, हा नियम आधी!

बोर्ड उजेडाला ० ते १०२३ असा आकडा देतो. आम्ही ठरवलं, ३०० च्या खाली दिवा लागेल, ४५० च्या वर विझेल. दोन आकडे का? एकच ठेवला तर संध्याकाळी ढग सरकला तरी दिवा लुकलुकतो.

मग एका पोराने सेन्सरची तार काढली. दिवा लागला तो लागलाच. बोर्डाला वाटलं, रात्र झाली. आमची जोडणीच तशी होती, आणि ते शहाणपणाचंही आहे. बिघाड झाला तर रस्ता अंधारात जाऊ नये.

म्हणजे जिथे असा सेन्सर आहे, तिथे दिवसा जळणारा दिवा ही यंत्राने स्वतः केलेली तक्रार असू शकते. ती वाचायला माणूस लागतो. हिशोब साधा आहे. ७० वॅटचे १०० दिवे दिवसाचे १२ तास फुकट जळले तर ८४ युनिट गेले, रोज! ते बिल आपल्याच पट्टीतून जातं.

मित्रांनो, पुढच्या वेळी फोटोसोबत खांबाचा नंबर, तारीख आणि वेळ टाका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. विचारा : सेन्सर शेवटचा कधी पुसला? दुरुस्तीचा ठेका कुणाकडे आहे? किती दिवसांत दुरुस्ती बंधनकारक आहे?

उजेड ओळखायचं काम यंत्र शंभर वर्षांपासून करतंय. जबाबदारी ओळखायचं काम अजून माणसाकडेच आहे.