माजघरातली ऊब माडीवर कशी जायची : लष्करच्या एका वाड्यातली नोंद

लष्करमधल्या आमच्या वाड्याची दुरुस्ती निघाली तेव्हा मिस्त्रीने माडीवरची एक फरशी उचलली. खाली हातभर लांब-रुंद चौकोनी भोक निघालं, त्यात दगडी जाळी. "ये छेद बंद कर दें?" त्याने विचारलं. घरात दोन मतं पडली. मी थांबायला सांगितलं, कारण ती जाळी कशासाठी होती हे आजीकडून ऐकलेलं होतं.

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला. त्या छावणीचंच पुढे लष्कर हे शहर झालं. दक्षिणेतून आलेल्या मंडळींनी घराचा आराखडा सोबत आणला: चौक, ओसरी, माजघर, भिंतीच्या जाडीतला अरुंद जिना, वर माडी. हवा मात्र इथली. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, आणि जानेवारीच्या रात्री सात-आठ अंशांपर्यंत उतरतो. धुक्याच्या दिवसांत दुपारपर्यंत ऊन दिसत नाही. उन्हाळ्यात सुख देणारा चौक आणि जाड भिंती थंडीत माडीला अगदी गारठवून टाकतात.

देशावरच्या वाड्यांत माडीची जमीन बहुधा लाकडी तुळया-फळ्यांची असते. ग्वाल्हेरला वालुकाश्म मुबलक, म्हणून इथे तुळयांवर दगडाच्या लांब पटिया टाकतात. फळी लवकर तापते, लवकर निवते. पटिया उशिरा तापते, पण संध्याकाळच्या चुलीची धग रात्री बराच वेळ धरून ठेवते. आमची निजायची खोली माजघराच्या बरोबर वर होती.

चूल शेजारच्या स्वयंपाकघरात. धूर धुराड्यातून गच्चीवर जायचा. ते धुराडं माडीच्या भिंतीतून गेल्यामुळे ती भिंत कोमट राहायची. बाभळीची लाकडं धडधडू लागली की स्वयंपाकघराच्या दारातून ऊब माजघरात यायची, छताशी साठायची आणि जाळीतून वर चढायची. पण एकच भोक असून भागत नाही. ऊन हवा वर जायची तर वरची गार हवा खाली यायला वाट पाहिजे. ती वाट म्हणजे जिना. जिन्याच्या तोंडाशी आडवी लाकडी झडप होती. दिवेलागणीला आजी ती उघडून ठेवायला लावायची आणि चूल विझली की पाडायला सांगायची. "जिन्याच्या पायथ्याशी पावलं गार पडली की समजायचं, वर ऊब पोचतेय," असं ती म्हणायची. बाळंतिणीला हीच खोली मिळायची.

याची किंमतही होती. सगळा धूर काही धुराड्यातून जात नसे. माडीवर ऊब पोचायची तेव्हा खाली चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांना धार लागलेली असायची. म्हणून गॅस आला तेव्हा सर्वांत जास्त आनंद आजीलाच झाला. चूल मोडली. फोडणीचा वास आणि खालची बडबड वर नको म्हणून जाळीवर फरशी बसवली. झडप तर कायमचीच पाडून ठेवली.

पुढच्याच थंडीत काका-काकू कोळशाची सिगडी घेऊन माडीवर झोपले. दारं-खिडक्या बंद, जाळी बंद, झडप बंद. पहाटे काकूला मळमळून जाग आली, पण उठून उभं राहता येईना. तिने हाताला लागलेला तांब्या दारावर फेकला. त्या आवाजाने आजोबा धावत वर गेले आणि दोघं वाचली. घरात बरीच वर्षं "नजर लागली" असंच म्हणत. खरं कारण कार्बन मोनॉक्साइड. बंद खोलीत कोळसा अर्धवट जळतो तेव्हा हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तात तो प्राणवायूची जागा बळकावतो. चुलीचा धूर निदान डोळ्यांना कळत तरी होता.

मला या प्रसंगात वाड्याच्या रचनेचं मर्म दिसतं. जुन्या घराने विस्तव खाली ठेवला आणि फक्त ऊब वर नेली. आम्ही उबेची वाट बुजवली, म्हणून विस्तवच वर न्यावा लागला.

आता चूल नाही, त्यामुळे जाळीतून पूर्वीसारखी ऊब येणार नाही, हे मान्य. तरी आम्ही ती उघडीच ठेवली, झडपेला नवी बिजागरी लावली, आणि माडीवर सिगडी न्यायची नाही असं ठरवलं. मुलांना रचना कळावी म्हणून मोजमाप आणि आडवा छेद काढून ठेवला आहे.

ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्याकडच्या वाचकांना विनंती, की वाड्याची दुरुस्ती काढाल तेव्हा छतातली, भिंतीतली अशी भोकं "उगीच ठेवलेली" समजून बुजवू नका. आधी खाली काय होतं आणि वर कोण निजत असे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. माहिती मिळाली तर मंडळाला जरूर कळवा.